हाडातली भरती

श्रावणात अंगणातल्या चिऱ्यांवर शेवाळ धरतं आणि मालवणात मनगटं मोडायला लागतात. प्लास्टर सुटतं, एक्स-रेत हाड जुळलेलं दिसतं, आणि एखाद्याचा हात त्यानंतरच पेटतो. शेजारच्या काकींचा तसा पेटला. सूज, कधी लाली कधी निळसर झाक, पंख्याचं वारंसुद्धा सोसेना. देवळात गाऱ्हाणं झालं, निर्गुडीचा शेक झाला. उरलेलं निदान वाडीनेच केलं, "कामाचो कंटाळो, दुसरा काय!"

दुखणं जुनं आहे. कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम हे भारदस्त नाव मात्र १९९४ चं. अमेरिकेच्या यादवी युद्धात वियर मिचेल या डॉक्टरांनी असे सैनिक पाहिले. गोळीने नस दुखावलेली, आग इतकी की बुटातही पाणी ओतून ठेवत. (लावणीच्या दिवसांत आमच्याकडे ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं.) एक्स-रे जेमतेम पाच वर्षांचा असताना, १९०० साली, जर्मनीत पाउल झुडेक यांनी अशांची हाडं जागोजागी विरळ झालेली दाखवली.

काकींचा एमआरआय गोव्यात झाला. हाडातल्या मगजात पाणी साचलेलं निघालं. एक्स-रेला ते दिसत नाही. एमआरआयमध्ये चरबी काळी करून टाकली की पांढरं उमटतं.

"हाडात भरती इली म्हणा! मगे डॉक्टरानू, ओहोटी कधी?"

प्रश्न रास्त होता. अशी सूज कधीकधी काही महिन्यांत आपली आपण ओसरते. गरोदरपणाच्या शेवटी खुब्यात येणारी बहुधा तशीच जाते. हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून देतात ती बिस्फॉस्फोनेट औषधं ह्या सुजेवरही देतात आणि त्या आगीवरही, म्हणजे दोघींचं काहीतरी नातं असावं. पण कुणाचा हात पेटलेला असतो आणि मगज स्वच्छ. कुणा धावपटूच्या हाडात पाणी असतं आणि त्याला पत्ताही नसतो. म्हणून बुडापेस्टला ठरलेल्या निदानाच्या कसोट्यांत एमआरआय नाहीच. रुग्णाचं ऐकायचं, हात पाहायचा, चाचपायचा.

वाडीला हे कोण सांगणार? फिल्म घरोघर उजेडाला धरून पाहिली गेली, कित्येकदा उलटी, आणि काकींचं दुखणं एका दुपारात खरं ठरलं. सांगून जे झालं नव्हतं ते प्लॅस्टिकच्या कागदाने केलं, याचा मला थोडा रागच आला. काकींना नाही.

फिजिओथेरपिस्टने हात गळ्यात बांधायला मनाई केली. स्पर्शाची सवय व्हावी म्हणून रोज तांदळात हात घालायचा.

"उकडे चालतले मा?" काकींनी विचारलं, आणि पहिल्याच दिवशी पायलीभर तांदळातले खडे काढून टाकले.