पोस्टिंगपुरता नेत्रतज्ज्ञ

आमच्या गल्लीतला डॉक्टर अजून डॉक्टर व्हायचा आहे, हे त्याच्या कॉलेजला ठाऊक आहे. यावलला ते मान्य नाही. जळगावला त्याची ज्या विभागात पोस्टिंग लागते, त्या विभागाचे रोगी शनिवारची एसटी यावल स्टँडवर लागेपर्यंत गल्लीत तयार असतात. त्वचारोगाच्या वेळी केळीच्या चिकाचे डागसुद्धा त्याने भिंगाखाली धरले होते. मग डोळे सुरू झाले.

बोलताना तो आता तुमच्याकडे बघत नाही, तुमच्या बुबुळाकडे बघतो. ऊन आणि धूळ खाऊन चहावाल्याच्या बुबुळावर मांस चढलंय, त्याला याने ‘टेरिजियम’ म्हटलं. एवढ्या भारी नावाचा रोग आपल्याला आहे म्हणून चहावाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

दृष्टी तपासायचा तक्ता स्नेलन या डच डॉक्टरने १८६२ साली केला. तो सहा मीटरवरून वाचायचा असतो आणि आमची गल्ली तेवढी रुंद नाही. म्हणून हा रोग्याला गच्चीवर नेतो आणि उत्तरेकडे बोट करतो.

“आबा, सातपुडा दिसतो का?”

वैशाखातला धुरळा. आबा म्हणाले, “नाही.” याने गंभीर होऊन त्यांचा एक डोळा झाकला. तरी नाही.

“तुले दिसतो का रे भो?” आबांनी विचारलं.

त्याने वहीत काहीतरी लिहून घेतलं.

खरी गंमत ऑफ्थॅल्मोस्कोपची. हेल्महोल्ट्झने १८५१ साली हे यंत्र काढलं आणि जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ बघायची सोय झाली. याची अजून झालेली नाही. रोग्याचा उजवा डोळा आपल्या उजव्या डोळ्याने बघायचा, डावा डाव्याने, आणि तेही गालाला गाल लागेल इतक्या जवळून. दुसरा डोळा उघडा ठेवला तरी चालतो म्हणतात, पण याला तो मिटावा लागतो, आणि एकटा उजवा डोळा त्याला मिटता येत नाही. त्याचा सराव त्याने एसटी स्टँडवर बसल्या बसल्या केला. दोन वडीलधाऱ्यांनी घरी येऊन तक्रार केली. अंधारी खोली लागते, ती मात्र वीज मंडळ पुरवतं. दिवे गेले की हा एखाद्याच्या तंबाखूच्या वासात नाक खुपसून उभा राहतो. लाल उजेड दिसतो. त्यापलीकडे स्वतःच्याच पापण्या. तरी तो “हं, हं” म्हणतो. तिकडे कॉलेजात सरांनी डोळ्याच्या तळावरच्या चकतीतला खळगा केवढा, म्हणजे कप-डिस्क रेशो, विचारला की सगळी बॅच ‘०.३’ म्हणते. हा आकडा बऱ्याच डोळ्यांत खपून जातो. काचबिंदूचा रोगी समोर आला की बॅच उघडी पडते.

एका आजींच्या डोळ्यात मात्र लाल उजेडही दिसेना. बाहुली दुधासारखी पांढरी. बोटं मोजता येईनात, हात हलतोय एवढंच कळत होतं. हा पहिल्यांदाच घाबरला.

“मोतीबिंदू पिकू देते रे भो, मंग जाते,” आजी म्हणाल्या.

तो पोटतिडकीने सांगत सुटला. पिकायची वाट बघायचे दिवस गेले, आता रोजच्या कामाला अडचण व्हायला लागली की काढतात, भिंग बसवतात. जास्त पिकला तर फुगतो, कधी पाझरतो, डोळ्यातला दाब चढतो, मग डोळाच जातो. शेवटी म्हणाला, “आजी, केळीचा घड तुम्ही कच्चाच कापता ना?”

“कापते. तो कापल्यावर पिकते. डोया कापल्यावर काय पिकवशीन?”

याचं उत्तर कुठल्याच पुस्तकात नव्हतं. पण आजी गेल्या. काळा चष्मा लावून परतल्या, आणि आता त्याचा शब्द खाली पडू देत नाहीत.

डोळे संपून आता त्याचं कान-नाक-घसा सुरू झालंय. शनिवारी तो टॉर्च हातात घेऊनच एसटीतून उतरला. ओट्यावर बसलेल्या आजींनी न सांगता ‘आ’ केला.