सीट सोडून सगळं ओरिजिनल

भिवंडीतल्या नारपोलीच्या ज्या गल्लीत लूमच्या खडखडाटात शेजाऱ्यांचं भांडणसुद्धा धड ऐकू येत नाही, त्या गल्लीतही रविवारी सकाळी एक आवाज वेगळा ओळखू येतो. आधी खट्, मग फुस्स, मग बराच वेळ काहीच नाही, मग एक शिवी. ओरिजिनलकाका आपल्या येझदी मोटरसायकलला किक मारतायत. हे काका तुमच्याही गल्लीत आहेत, त्यामुळे ओळख करून देत बसत नाही. दोन वर्षं त्यांची चासी जिन्याखाली होती, टाकी माळ्यावर, कार्बोरेटर देवघराशेजारच्या कोनाड्यात, आणि काकूंच्या पोह्यांच्या डब्यात नटबोल्ट. काय चाललंय म्हणून विचारावं तर उत्तर ठरलेलं: “रिस्टोरेशन. सीट सोडून सगळं ओरिजिनल!” टाकीचा रंग गेल्या महिन्यातला, पण ओरिजिनल. सिलिंडर बोअर करून घेतलेला, पिस्टन ओव्हरसाइज, पण ओरिजिनल. वायरिंग रिक्षावाल्यांच्या वायरमननं केलेलं, तेही ओरिजिनल. आरसा तर उघड उघड दुसऱ्याच गाडीचा. तसं सुचवलं की काका शांतपणे सांगतात, तो त्या गाडीचा ओरिजिनल आहे.

काका थापा मारतात, असं गल्लीचं एकमत आहे. मला ते पटत नाही. ज्या गाडीवर हा वाद चाललाय तिची कुळकथाच बघा. येझदीच्या आधीचं ‘जावा’ हे नाव दोन तुकडे जोडून केलेलं: चेक कारखानदार यानेचेक (Janeček) यांच्या आडनावातला ‘जा’ आणि जर्मन वांडरर कंपनीतला ‘वा’. १९२९ साली यानेचेकनी वांडररच्या मोटरसायकलीचा परवाना घेतला, तेव्हापासून हा संसार. पुढे रुस्तम आणि फारूख इराणी यांनी मैसूरला ‘आयडियल जावा’ उभी केली, आणि १९७३ पासून टाकीवर ‘येझदी’ आलं, ते इराणातल्या याझ्द शहरावरून. आडनाव चेक, जोडनाव जर्मन, बारसं इराणी, जन्म मैसूरचा आणि गंज भिवंडीचा! किक आणि गिअर एकाच दांडीत बसवणाऱ्या या गाडीत मूळचं म्हणून नेमकं काय शोधायचं? त्यात मैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला. तेव्हापासून सुटा भाग मिळतो तो भंगारातून, नाहीतर कुणीतरी बघून बघून बनवलेला. काटेकोर हिशेब लावला तर देशातल्या कुठल्याच चालत्या येझदीच्या मालकानं ओरिजिनल हा शब्द तोंडात घेऊ नये.

मराठीत या एका इंग्रजी शब्दाचं काम करायला दोन शब्द आहेत, मूळचं आणि अस्सल. कोकणातल्या घराची कौलं बदलली, वासे बदलले, तरी ते अस्सल राहतं. मूळचं राहत नाही. हा फरक नारपोलीला शब्दकोशातून शिकावा लागत नाही, तो कारखान्यात उभा आहे. भिवंडीचे कितीतरी माग मुंबईच्या गिरण्यांनी टाकलेले, जुन्या बाजारातून आलेले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या मंदावल्या आणि कापडाचं काम इकडे आणखी सरकलं. या मागाचं शटल बदलतं, पिकर तर सारखा बदलतो, पट्टा, फणी, मोटर, सगळं आलटून पालटून नवं होतं. तरीही मालक त्याला ‘वडलांच्या वेळचा लूम’ म्हणतो आणि कुणी त्याला खोटारडा म्हणत नाही. काकांनी हाच न्याय येझदीला लावला, एवढाच त्यांचा गुन्हा. फक्त माग कापड विणतो आणि येझदी धूर.

काकांचं चुकतं ते सीटपाशी. ‘सीट सोडून’ हे दोन शब्द ते खालच्या आवाजात म्हणतात, लग्नाच्या बोलणीत मुलाची नोकरी गेल्याचं सांगावं तसे. वास्तविक या गाडीत छातीवर हात ठेवून ओरिजिनल म्हणावी अशी सीटच आहे. जुन्या सीटचा पत्रा कुजलेला होता. बाजारात तयार सीट मिळते, पण ती डुप्लिकेट म्हणून काका घेत नाहीत. मग घरी करणं आलं. साचा पुठ्ठ्याचा, भिवंडीत पुठ्ठ्याला तोटा नाही, मुंबईच्या ऑनलाइन खरेदीचा मोठा हिस्सा इथल्याच गोदामांतून जातो. पहिल्या सीटला सोफ्याचा फोम वापरला. दुकानात बोटानं दाबून फोम पारखणं म्हणजे पोळी बघून सुनेची पारख करणं. मऊ फोम वजनाखाली पार चेपतो आणि दहा मिनिटांत माणूस सीटवर नसतो, पत्र्यावर असतो, तोही कमरेखालच्या दोन हाडांवर. मग अंजूरफाट्याचे खड्डे एक एक करून मोजता येतात. म्हणून दुसऱ्या खेपेला खाली तुकडे दाबून केलेला कडक फोम, वर मऊ थर, कडा हॅकसॉच्या पात्यानं उतरवलेल्या. आता वरचं आवरण. देशाला कापड पुरवणाऱ्या गावात सीटसाठी कापड मिळेना, कारण इथं विणलं जातं ते ग्रे, कच्चं. रंग-धुलाई पुढे होते. शेवटी रेक्झिन आणलं आणि रिक्षाच्या सीटा शिवणाऱ्याकडून पांढरं पायपिंग मारून घेतलं. दिसायला झकास! पण शिलाईच्या प्रत्येक टाक्याचं एक भोक असतं, भोकातून पाणी आत जातं आणि फोम ते जपून ठेवतो. जगभरचे जावावाले आपला दिवस साजरा करतात तो जुलैच्या दुसऱ्या रविवारी. भिवंडीत जुलैत काय असतं ते सांगायला नको. काका मिरवून आले ते मागून संपूर्ण ओले. पँट तेवढी ओरिजिनल. तिसऱ्या सीटमध्ये फोम आणि रेक्झिनच्या मध्ये प्लॅस्टिकचा कागद आला. ही चूक, ही दुरुस्ती, ही भोकं मैसूरच्या कुठल्याही नकाशात नव्हती. ही सीट कुणाची नक्कल आहे, सांगा?

यावर हिशेबी माणूस म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? जावा २०१८ ला परत आली, येझदी २०२२ ला. शोरूममध्ये जा, बटण दाबा, सुरू करा. मान्य. पण नव्या गाडीत बिघाड झाला तर मालकाला वाट बघता येते, हात घालता येत नाही. दुसरा आक्षेप धुराचा. तो खरा आहे आणि त्याला उत्तर नाही. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून जाळणारं इंजिन हवेला उपकारक आहे असं ओरिजिनलकाकाही म्हणत नाहीत. त्यातल्या त्यात दिलासा एवढाच की ती बहुतेक रविवारी सुरूच होत नाही. तिसरा सल्ला कायदेवाल्यांचा: व्हिंटेज म्हणून नोंदवा की! २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडी ५० वर्षांहून जुनी हवी, चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार नको. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, आणि मग ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. म्हणजे गाडी पुरेशी ओरिजिनल ठरली की तिनं घरी बसावं! काकांची येझदी रोडकिंग मॉडेलची, ती तशीही वयात बसत नाही. १९७८ च्या पहिल्या रोडकिंगलासुद्धा पन्नाशी गाठायला २०२८ उजाडेल.

आणि ज्याला हे पैसेवाल्यांचं खूळ वाटतं, त्यानं याच गल्लीत टेम्पो भरताना बघावा. कारखाना बंद झाला की माग किलोवर जातो. ज्यानं तीन पिढ्या जेवू घातल्या त्याचं शटल माळ्यावर ठेवायला कुणी येत नाही, त्याला पांढरं पायपिंग कुणी करत नाही. कान देऊन बिघाड ओळखणाऱ्या जॉबरचे, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याचे, हात मग वखारीत खोकी उचलतात. ते कसब गल्लीत कुठं उरलं असेल तर काकांच्या जिन्याखाली, आणि तेही आठवड्यातून एकदा, शिवीसकट.

त्या सीटबद्दल एक सांगायचं राहिलं. आजकालची फॅशन एकट्याच्या सीटची, मागे उंचवटा असलेली. काकांचा पहिला पुठ्ठाही तसाच कापलेला होता. कायद्यानं मागे बसणाऱ्याला पक्की सीट, धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि चाकाला आडोसा लागतो. हौशी मंडळी त्यातला आडोसा सगळ्यात आधी काढून टाकतात. काकांची तिसरी सीट पुठ्ठ्यापेक्षा वीतभर लांब भरली. माप चुकलं, असं ते म्हणतात. काकू अजून तरी गाडीवर बसलेल्या नाहीत. पोह्यांचा डबा परत मिळाल्याशिवाय बसणार नाही, असं त्यांनी सांगितलंय. साडीगार्ड मात्र खरोखरच ओरिजिनल आहे.