पिस्तुलेच्छू

लोटे-परशुराम औद्योगिक वसाहत खेड तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गाच्या कडेला पसरलेली आहे. तेथील रासायनिक कारखान्यांना मजूर, टँकर आणि कँटीनचे जेवण पुरवणाऱ्या कंत्राटदारांत एक स्वतंत्र वर्ग आढळतो. अभ्यासाच्या सोयीसाठी त्याला ‘पिस्तुलेच्छू’ म्हणावे. त्याचे वय चाळिशीपुढचे, गाडी पांढरी, गळ्यात जाड साखळी आणि पोटाचा घेर असा, की कमरेला काहीही खोचले तरी ते कायद्याला अपेक्षित असल्याप्रमाणे आपोआपच झाकले जावे. त्याच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छरे ठासून भरण्याची बंदूक होती. ती शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर मिळालेली असून रानडुकरे आणि वानरे यांच्यावर तिचा धाक होता. नातवाकडे शेती उरलेली नाही. संरक्षणाची इच्छा तेवढी वारशाने आली आहे. या इच्छेवर कोणी शंका घेतलीच, तर तो अनंत कान्हेरे यांचा दाखला देतो, कारण १९०९ साली नाशिकला कलेक्टर जॅक्सनवर ब्राउनिंग पिस्तूल झाडणारे कान्हेरे मूळचे याच तालुक्यातले. पुढच्याच वर्षी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली, हा उत्तरार्ध मात्र त्याच्या कथनात सहसा येत नाही.

शस्त्राची निवड ही पिस्तुलेच्छूची मुख्य साधना होय, आणि ती परवाना मिळण्याच्या कितीतरी वर्षे आधी सुरू होते. चित्रपटातल्यासारखे नऊ मिलिमीटरचे पिस्तूल घ्यावे, अशी आरंभीची कल्पना असते. परंतु ते ‘निषिद्ध बोअर’मध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला बंद असलेल्या मापांत मोडते आणि त्याचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाहीत, त्यासाठी थेट केंद्रीय गृह मंत्रालय गाठावे लागते, हे कळल्यावर तो बत्तीस बोअरवर, म्हणजे सुमारे बत्तीस शतांश इंच व्यासाच्या नळीवर, उतरतो. परदेशी शस्त्रांची आयात सामान्यांसाठी १९८० च्या दशकातच थांबल्यामुळे जुनी वेब्ली किंवा वॉल्थर हाती लागलीच, तर तिची किंमत नव्या गाडीशी स्पर्धा करते. उरतो तो मुख्यतः सरकारी माल. कानपूरचे बत्तीसचे रिव्हॉल्व्हर, ज्यात गोळ्या फिरत्या चक्रीत बसतात, वजनाला सातशे ग्रॅमच्या आसपास भरते. मुठीत मॅगझिन सरकवायचे ‘अशनी’ पिस्तूल अधिक चपटे, म्हणून शर्टाखाली अधिक सोयीचे. २०१४ साली कानपूरहूनच आलेले ‘निर्भीक’ टायटॅनियमच्या मिश्रधातूचे आणि अवघ्या पाचशे ग्रॅमचे. कोकणातला पावसाळा आणि लोट्याची हवा लोखंडाचे काय करते हे पाहिलेल्या माणसाला न गंजणाऱ्या धातूचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पण त्याची किंमत बाजारात आले तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात होती, शिवाय ते स्त्रियांच्या स्वसंरक्षणासाठी म्हणून गाजलेले. तेव्हा पिस्तुलेच्छू ते आवडल्याचे कबूल करतो, पण ‘मंडळींसाठी’ अशी पुस्ती जोडतो. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आटोपशीर म्हणजे ईशापूरचे बावीस बोअरचे ‘निडर’, वजन अडीचशे ग्रॅम. खिशाच्या दोन्ही अर्थांनी तेच योग्य, आणि नेमके तेच तो घेऊ शकत नाही, कारण चहाच्या टपरीवर कोणीतरी विचारतोच, “बावीसचं घेताय होय? वानरं तरी हलतील का त्यानं?”

येथे एक व्यावहारिक अडचण नोंदवणे भाग आहे. लोट्यातील बऱ्याच कारखान्यांत ज्वालाग्राही द्रावणे हाताळली जातात, म्हणून फाटकावर काडेपेटी, लायटर आणि मोबाइल काढून घेतात. जेथे काडीला मज्जाव तेथे काडतुसाला कोण आत घेणार? पिस्तूल पहारेकऱ्याच्या हवाली करावे तर परवाना व्यक्तिगत असतो, आणि बिनपरवाना माणसाच्या हाती शस्त्र देणे हाच गुन्हा. परिणामी ज्याचा दिवस सकाळी आठपासून फाटकांच्या आत जातो, त्याचे शस्त्र दिवसभर घरच्या कपाटात राहणार, आणि निवडणुकीची आचारसंहिता लागली की बहुधा पोलीस ठाण्यात जमा होणार. त्यातही २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात आणि पूर्ण झाकलेले असावे लागते, म्हणजे ज्या एका हेतूने ते घ्यायचे, त्यालाच नियमाने पायबंद घातला आहे. दिसणार नाही असे पिस्तूल बाळगायचे आणि ते असल्याचे चिपळूणपासून खेडपर्यंत सर्वांना ठाऊक असले पाहिजे, या दुहेरी मागणीतून काही शारीरिक लकबी निर्माण होतात. खुर्चीत बसताना उगाच कंबर सावरणे, हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसणे, नमस्कार करतानाही उजवा कोपर अंगालगत ठेवणे, या त्यांपैकी प्रमुख होत. परवान्याचा अर्ज भरण्यापूर्वीच त्या अंगवळणी पडलेल्या असतात.

खरी परीक्षा अर्जातील एका प्रश्नापाशी होते: शस्त्र कशासाठी हवे? १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली जिल्हाधिकारी पोलिसांचा अहवाल मागवतात आणि चौकशीला आलेला हवालदार अत्यंत सौजन्याने विचारतो, की आपल्या जिवावर नेमके कोण उठले आहे. पिस्तुलेच्छूचे सर्वांशी गोडीचे संबंध असल्याने त्याला उत्तर सुचत नाही. सत्यनारायणाला ज्याला बोलावले नाही असा एकही इसम त्याला आठवत नाही. अखेर मजूर पुरवण्याच्या कंत्राटावरून त्याची प्रतिस्पर्धी कंत्राटदाराशी थोडी बाचाबाची होते, ती शक्यतो साक्षीदारांसमक्ष, आणि तो ठाण्यात जाऊन एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतो. तिची प्रत प्रकरणाला जोडली जाते. पण प्रतिस्पर्धीही त्याच जातकुळीचा असल्याने तोही आपल्या बाजूने एक एन.सी. नोंदवतो आणि तीच आपल्या अर्जाला जोडतो. अशा रीतीने परस्परांपासून जिवाला धोका असलेले हे दोन गृहस्थ दर तारखेला एकाच गाडीतून शंभरेक किलोमीटरवरच्या रत्नागिरीला कलेक्टर कचेरीत जातात, वाटेत संगमेश्वरला मिसळ खाताना बावीस की बत्तीस हा वाद घालतात, आणि डिझेलचा खर्च निम्मा-निम्मा वाटून घेतात.