क्लिपवीर

घर बांधून झालं, मुलगा पुण्याला शिकायला गेला आणि वयाने पंचेचाळिशी ओलांडली, की बीडच्या माणसाला एक तर अध्यात्म लागतं, नाही तर सायकल. आपला गृहस्थ दुसऱ्या पंथाचा. तो प्राध्यापक असेल, दातांचा डॉक्टर असेल, नाही तर बांधकाम खात्यातला अभियंता. सोयीसाठी त्याला सर म्हणू. तसंही बीडमध्ये चष्मेवाल्याला सर म्हटलं की सहसा चुकत नाही.

सरांच्या पायऱ्या ठरलेल्या असतात. आधी गिअरची सायकल. मग हेल्मेट. मग गादी शिवलेली तंग चड्डी. ती अंगणातल्या दोरीवर वाळत घालायला घरातून सक्त मनाई. पालवणच्या देवराईपर्यंत जाऊन आले की स्टेटसला फोटो. मांजरसुंब्याचा घाट चढले की थेट बीआरएमच्या, म्हणजे ठरल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब सायकलफेऱ्यांच्या गोष्टी : साडेतेरा तासांत 200 किलोमीटर, वीस तासांत 300. इथपर्यंत सगळं निभावतं. मग एका रात्री व्हिडिओ बघता बघता सरांना साक्षात्कार होतो, की इतकी वर्षं आपले पाय पेडलवर नुसतेच ठेवलेले होते.

दुसऱ्या दिवसापासून सर भेटेल त्याला क्लिपलेस पेडल समजावून सांगू लागतात. बुटाच्या तळव्याला क्लीट बसवायची, ती पेडलच्या जबड्यात 'खट्' करून अडकते आणि टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की सुटते. बर्फावर घसरायच्या स्कीला बूट अडकवतात, तीच युक्ती लूक या फ्रेंच कंपनीने 1984 मध्ये सायकलला आणली आणि 1985 ची टूर द फ्रान्स बर्नार इनोने ही पेडलं लावून जिंकली. 'इनो' ऐकून समोरचा विचारतो, "पित्त झालं का काय सर?"

आता निवड. दोन बोल्टची एसपीडी शिमानो कंपनीने 1990 मध्ये काढली. तिची क्लीट बुटाच्या तळव्यात दबून राहते, त्यामुळे उतरून चार पावलं चालता येतं. तीन बोल्टची शर्यतीतली. ती तळव्याबाहेर येते आणि चालायला लागलं की टक टक वाजते. शिमानोच्या या तीन बोल्टवाल्या क्लीटमध्ये पुन्हा रंग : पिवळीत पाय सहा अंश इकडेतिकडे हलतो, निळीत दोन, लालमध्ये अजिबात नाही. नवख्याने दोन बोल्टची घ्यावी, फार तर पिवळी, हे सरांनी वाचलेलं असतं. पण इनो डोक्यात बसलेला. सर पुण्याहून तीन बोल्टची लाल मागवतात आणि घरी किंमत निम्मीच सांगतात.

जुनी पेडलं काढायचा कार्यक्रम अंगणात होतो. उजवं पेडल निघतं. डाव्यावर सर अर्धा तास जोर लावतात, पाना निसटून बोटं सोलून घेतात आणि शेवटी सायकल मिस्त्रीकडे जातात. मिस्त्री पाना उलटीकडे फिरवून पेडल एका झटक्यात काढतो. "डाव्याचे आटे उलटे आसतेत सर." इनोच्या सगळ्या शर्यती पाठ असलेल्या माणसाला हे कोणी सांगितलेलं नसतं. नवी पेडलं बसवून झाल्यावर मिस्त्री एवढंच विचारतो, "पण पाय बांधायचाच कामून?"

या प्रश्नाचं उत्तर बार्शी नाक्यावर मिळतं. हे पेडल न थांबणाऱ्या माणसासाठी बनवलेलं आहे आणि बीडमध्ये कोणी कोणाला न थांबवता जाऊ देत नाही. "काय सर, गाडी इकली का?" अशी हाक येते. सर सवयीने ब्रेक दाबतात, पाय वर ओढतात. वर ओढून पाय सुटत नाही, टाच बाहेर काढावी लागते, हे त्यांना आठवतं तेव्हा सायकल उजवीकडे कलायला लागलेली असते. पुढचं सगळं फार सावकाश होतं. पडता पडता सर हाक मारणाऱ्याला ओळखतात, त्याला हसून दाखवतात आणि मग कोपरावर येतात.

चौघं धावत येतात. दोघं सायकल उचलतात, तर सायकलीबरोबर सरांचा पायही वर येतो. खाली ठेवतात, पुन्हा उचलतात, पुन्हा पाय. "टाच! टाच बाहेर!" सर झोपूनच ओरडतात. कोणी बूट ओढतो, कोणी सरांना. सुटका झाल्यावर चहा येतो, कोपरावर हळद येते आणि पाठोपाठ सायकलीची किंमत विचारली जाते. हॉटेलच्या फरशीवरून बाकापर्यंत सर टक टक करत, खुर्च्यांना धरून जातात.

घरी निराळंच. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत 3000 मीटर स्टीपलचेसचं रौप्यपदक आणलं, तेव्हापासून जिल्ह्यातल्या प्रत्येक व्यायामवाल्याच्या घरी त्याच्याशी तुलना होते. सौभाग्यवती म्हणतात, "तो 28 अडथळे आणि पाण्यावरच्या 7 उड्या पार करून पळत जातो. तुमच्यापुढं तर काहीच नव्हतं."

मग शहाणपण येतं. सर दोन बोल्टवर उतरतात. 3 मिलिमीटरच्या अ‍ॅलन कीने पेडलची पकड ढिली करतात. भिंतीला हात टेकून एकेक पाय अडकवायचा नि सोडायचा सराव करतात. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय टेकला तर क्लीट चिखलाने भरते आणि पेडलमध्ये बसतच नाही, हेही कळतं. थांबायच्या बरंच आधी पाय सोडायचा, हा मुख्य नियम. पण ओळखीचा माणूस कुठे भेटेल याचा बीडमध्ये भरवसा नाही. म्हणून गावातून जाताना सरांचा उजवा पाय कायम मोकळाच लोंबतो आणि हजारो रुपयांचं पेडल गाव संपल्यावरच कामाला लागतं.

पुढे सर गुरू होतात. कोणी नवा शिष्य पेडलचा डबा घेऊन आला की ते त्याला भिंत दाखवतात, अ‍ॅलन की देतात, गुडघा दुखला तर क्लीट थोडी फिरव म्हणून सांगतात. शिष्य चाचरत विचारतो, "सर, बार्शी नाक्यावर तुम्ही पडला होता म्हणे?"

सर चष्मा पुसत म्हणतात, "छे! थांबलो होतो."