घरंदाज आजार

माझा आजार मोठ्या घराण्यातला आहे, हे आधी सांगून टाकते. आमच्या सांगलीजवळच्या माधवनगरात ज्याला त्याला बीपी आणि शुगर. कट्ट्यावर गोळ्यांच्या पाकिटांची तुलना चालते, त्याचं कुणाला काही विशेष वाटत नाही. मी मात्र ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ म्हणते आणि जरा थांबते. मग वंशावळ काढते. इंग्लंडच्या थॉमस विलिसने 1672 मध्ये या दुखण्याचं वर्णन छापलं, म्हणजे शिवराज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. मेंदूच्या तळाशी रक्तवाहिन्यांचं जे कडं असतं, त्याला ज्याचं नाव आहे तोच हा विलिस. पुढे 1945 मध्ये स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोमने त्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. आता दोघांची नावं जोडून या आजाराला विलिस-एकबोम म्हणतात. एवढं सगळं ऐकून शेजारच्या काकू म्हणाल्या, “म्हंजे पाय वळवळत्यात व्हय? आमच्या आत्तीचं बी वळवळायचं.”

सतराव्या शतकाची अशी वासलात लागते.

पण वळवळणं हा शब्द अपुरा आहे. दुखत नाही, खाजत नाही, मुंग्याही येत नाहीत. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटरीच्या आत मधल्या सुट्टीची घंटा होते आणि सगळा वर्ग एकदम दाराकडे धावतो. पाय हलवला की क्षणभर बरं. थांबवला की पुन्हा घंटा. उठून चाललं की शांत. मग चालायचं. हॉलमधून स्वयंपाकघर, तिथून व्हरांडा. लांबून रेल्वे जाते, कुठेतरी माग खडखडत असतात, आणि बाकी सगळं गाव, आमच्या यांच्यासकट, घोरत असतं. गल्लीचा राखणदार एकदा कुंपणापाशी थांबून म्हणाला, “बाई, तुम्ही जाग्याच असताय तर शिट्टी तुमच्याकडंच देऊ काय?”

बसण्याचे कार्यक्रम तर बादच. सांगली म्हणजे नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी 1843 मध्ये ‘सीता स्वयंवर’ केलं ते इथं. या मातीत वाढलेल्या माणसाला मुकाट्याने तीन अंक बसता आलंच पाहिजे. भावे नाट्यमंदिरात दुसऱ्या अंकाला माझा पाय पुढच्या खुर्चीला लागतो, तिसऱ्याला त्या खुर्चीतले गृहस्थ मागे वळून बघतात. मिरजेच्या दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्र-रात्र गाणं चालतं. तिथं माझा पाय हलताना बघून शेजारच्या रसिकाने आधी कौतुकाने मान डोलावली. मग त्याच्या लक्षात आलं, वर विलंबित चाललंय आणि पाय द्रुतात आहे. त्याने आपली सतरंजी थोडी सरकवून घेतली.

सासूबाईंचं वेगळंच. पाय हलवले की लक्ष्मी जाते. आता माझी लक्ष्मी म्हणजे पेन्शन. ती बँकेतून निघते ती माझ्या पायांकडे न बघता.

रात्रीचं एक वेळ चालून निभतं. हाल दिवसाचे. सकाळी उठले की पाय शिणलेले, मांड्या जड, पोटऱ्या ठणकतात. अकराला डुलकी, चारला डोकं बधिर. “रात्रभर चालल्यावर दुसरं काय होणार?” म्हणणारे भेटतात, पण चालण्याने असं अंग मोडून येत नाही. आयुष्यभर मी वर्गात खुर्चीवर बसले नाही, उभ्याने शिकवलं, याचा मला केवढा ताठा! निरोपसमारंभात त्यावर भाषणही झालं होतं. डॉक्टरांनी साडी घोट्याच्या वर घ्यायला लावली, फुगलेल्या निळ्या शिरा बघितल्या आणि विचारलं, “उभं राहायचं काम होतं का?” माझा अख्खा सेवागौरव त्यांनी व्हेरिकोज व्हेन्सच्या रकान्यात लिहून टाकला.

डॉक्टरांकडे जाण्याआधी अर्थातच काशाची वाटी झाली. वाटीविषयी थोडं सांगते. थोडं म्हणजे सांगायचं ते सगळं.

आमच्याकडची वाटी सासूबाईंच्या लग्नातली. काठाखाली ठिपक्या-ठिपक्यांनी ‘मामाकडून सप्रेम’ कोरलेलं, त्यातला ‘प्रे’ घासून घासून गेलाय, त्यामुळे मामा नक्की काय देत होते ते आता कळत नाही. तळपायाला तूप लावायचं आणि वाटीच्या बुडाने घोळवून घासायचं. तूप गाईचं की म्हशीचं, यावर आमच्या गल्लीत दोन पक्ष आहेत. तिसरा एरंडेलवाला, पण त्याला कुणी विचारत नाही. घासता घासता तळवा काळा होतो. ही उष्णता! जेवढं काळं तेवढी बाहेर निघाली. आता तर यंत्रं आलीत. खुर्चीत बसायचं, पाय थाळीवर ठेवायचे, बटण दाबलं की थाळी आपोआप गरगरते. प्रदर्शनात त्या खुर्च्यांवर ओळीने माणसं बसलेली असतात, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर अर्धोन्मीलित समाधान आणि उठताना शेजाऱ्याच्या तळव्याकडे तिरका डोळा: याची जास्त निघाली की माझी?

मला शास्त्रीय शंका आली. एका रात्री आमचे हे गाढ झोपलेले असताना त्यांच्या तळव्याला तूप लावून वाटी फिरवली. त्यांचाही तळवा काळाकुट्ट! ज्या माणसाच्या पायाला लग्न झाल्यापासून एक रात्र जागरण नाही, त्याची उष्णता माझ्यापेक्षा जास्त? काळं होतं ते वाटीचा धातू आणि तूप यांचं गूळपीठ जमून. काशात चार भाग तांबं आणि साधारण एक भाग कथील. हे सगळं मी त्यांना सकाळी समजावून सांगितलं. ते म्हणाले, “अगं, पण झोप काय छान लागली!”

तर काशात तांबं असतं, कथील असतं. लोखंड नसतं. आणि माझ्यात कमी होतं ते नेमकं लोखंड.

मिरज हे दवाखान्यांचं गाव; विल्यम वान्लेस यांनी 1894 मध्ये तिथं रुग्णालय काढलं आणि तेव्हापासून आम्ही दुखणं घेऊन मिरजेचाच रस्ता धरतो. मी विलिस, एकबोम सगळी तयारी करून गेले. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि फेरिटिन तपासायला लावलं. फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. माझं हिमोग्लोबिन चांगलं बाराच्या वर, फेरिटिन 14. या आजारात ते 75 च्या वर असावं असं बघतात, कारण मेंदूला डोपामिनचा कारभार चालवायला लोह लागतं. झोप येण्यासाठी मी सर्दीची गोळी घेत होते, तिने पाय उलट जास्त चेकाळतात, म्हणून ती बंद. प्रामिपेक्सोलसारख्या गोळ्या सुरुवातीला छान लागू पडतात, पण पुढे काहींचं रात्रीचं दुखणं त्यांच्यामुळेच दुपारी चारला येऊन बसतं, म्हणून त्या लांब ठेवल्या; गरज पडली तर आधी गॅबापेंटिनच्या जातीतलं बघू म्हणाले. दिवसाच्या ठणक्याचा हिशेब वेगळा: शिरा, बी-12, ड जीवनसत्त्व, थायरॉईड, साखर. सगळं विलिससाहेबांच्या नावावर खपवायचं नाही.

हाती पडली लोहाची गोळी. गरोदर बायकांना उपकेंद्रात फुकट वाटतात तीच जात. साडेतीनशे वर्षांच्या घराण्याचा औषधोपचार एवढा स्वस्तात! वर अट अशी, की गोळीच्या आगेमागे तास-दोन तास चहा नाही. चहा लोह शोषू देत नाही. सांगलीकडच्या बाईला पाय परवडले, हे नाही परवडत.

मग डॉक्टरांनी विचारलं, “घरात आणखी कुणाला होतं?”

आईला. ती मागाच्या कांड्या भरायच्या कामाला जायची. रात्री जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडून पोटऱ्या आवळून बांधायची आणि अंगणात फेऱ्या मारायची. चार बाळंतपणं झालेली. सगळ्यांचं झालं की उरलेलं खायचं आणि वर चहा. दिवसा पाय ओढतात म्हणाली की एक डॉक्टर तिला लाल रंगाचं शक्तीचं इंजेक्शन द्यायचे आणि वडील म्हणायचे, “गप पड जरा, म्हणजे थांबेल.” गप पडल्यावरच तर सुरू व्हायचं. हा आजार बायकांत पुरुषांच्या जवळपास दुप्पट, गरोदरपणात वाढतो, आणि बऱ्याच घरांत आईकडून लेकीकडे येतो. तिचं रक्त त्यासाठी कुणी कधी तपासलं नाही. वंशावळ सांगायला मी विलिसपर्यंत गेले. ती अंगणातच होती.

आता फेरिटिन चाळिशीत आहे. रात्री फेऱ्या कमी झाल्यात, ठणका अधूनमधून आहे. कधीकधी हे उठून म्हणतात, “पाय दाबून देऊ का?” आणि दाबता दाबता माझ्याच पायावर डोकं टेकून झोपतात, त्यामुळे मला उठताही येत नाही.

तुमच्या घरात कुणी बाई रात्री उगाच फेऱ्या मारत असेल, तर तिला गप पड म्हणू नका. आणि हिमोग्लोबिन बरं आलं म्हणून डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवरून उठू नका. फेरिटिन तपासायला सांगा. लोहाच्या गोळ्या मात्र आपल्या मनाने सुरू करू नका, कट्ट्यावरच्या पाकिटातल्या तर मुळीच नको.