वाट अडवण्याचा सात-बारा
सात-बारा हाती आला की माणूस आधी काटेरी तार ओढतो, मग पाटी लावतो: ‘आत येण्यास सक्त मनाई.’ शेजाऱ्याच्या उसाच्या ट्रॉलीला तर खासच. आता महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 चे कलम 143 तहसीलदाराला बांधावरून वाट देऊ देते. 1882 चा सुविधाधिकार कायदा 20 वर्षे उघडपणे, हक्काने, विनाखंड वापरलेली वाट मोडू देत नाही. पण हे वाचायला मालकाला सवड कुठली? दिवसा रस्ता अडवायचा, रात्री शेजाऱ्याचा बांध कोरायचा. (तिकडे पाटी नसते ना!) वाट अडली असेल, तर भावकीत डोकी फोडू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906 खाली तहसीलदाराकडे दावा लावा. मुदत सहा महिन्यांचीच आहे.