आधी गोल्फ, मग बाग

पैठण तालुक्यातल्या आमच्या बिडकीनला बाग हवी असेल, तर ग्रामसभेने बाग मुळीच मागू नये. गोल्फचे मैदान मागावे. शासनाच्या निर्णयांचा थोडाफार अभ्यास करूनच हा सल्ला देतो आहे.

मुंबईकडे पाहा. महालक्ष्मीला 211 एकरांवर घोडे धावायचे. रेसकोर्स चालवणाऱ्या क्लबचा भाडेपट्टा मे 2013 मध्ये संपला. घोड्यांना ते कोणी कळवले नसावे, कारण ते पुढेही धावतच राहिले. शेवटी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने वाटणी केली. 120 एकर जनतेच्या उद्यानाला मिळाले, तर 91 एकर नव्या 30 वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा क्लबकडे राहिले. भावकीच्या वाटणीतसुद्धा इतका समंजसपणा आमच्याकडे कोणी पाहिलेला नाही.

पण मुळात मुंबईत 211 एकर मोकळे उरलेच कसे? तिथे दोन इमारतींमधल्या फटीचासुद्धा कोणी ना कोणी दर काढून ठेवलेला असतो. जागा उरली ती पागेच्या पुण्याईने. तीच जमीन पहिल्या दिवसापासून ‘सार्वजनिक उद्यानासाठी राखीव’ असती, तर आज तिच्यावर डझनभर टॉवर, दोन पक्षांची कार्यालये आणि एक मंगल कार्यालय उभे असते. कोपऱ्यातल्या मोडक्या घसरगुंडीवर तेवढी ‘यांच्या अथक प्रयत्नांतून साकार’ अशी पाटी दिसली असती.

चेन्नईतही तेच. तामिळनाडू सरकारने सप्टेंबर 2024 मध्ये गिंडीच्या रेसकोर्सचा भाडेपट्टा रद्द केला आणि सुमारे 160 एकर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. घोड्यांच्या रिंगणाच्या आत जिमखान्याचे गोल्फही होते. म्हणजे एका चैनीच्या पोटात दुसरी चैन, आणि त्या दोघींनी मिळून जपलेली मोकळी जमीन! सिडनीच्या मूर पार्कात 18 होलचे मैदान 9 होलवर आणून उरलेल्या जागेत बाग करायचे तिथल्या सरकारने 2023 मध्ये जाहीर केले. जगभर हिरवळ राखायचे काम असे साहेबलोकांकडेच सोपवलेले दिसते.

याउलट जनतेसाठी केलेल्या बागेचे काय होते, ते पाहायला लांब जायला नको. पैठणला धरणाच्या पायथ्याशी संत ज्ञानेश्वर उद्यान आहे. म्हैसूरच्या वृंदावनाच्या धर्तीवर ते शेकडो एकरांत केले. रंगीत कारंजी पाहायला एकेकाळी शाळांच्या सहली यायच्या. पुढे शेजारी धरणाचा नाथसागर भरलेला आणि कारंजी मात्र कोरडी, अशी वर्षांमागून वर्षे गेली. तिथे एखादा क्लब असता, सभासदांची वर्गणी असती आणि दारावर ‘प्रवेश निषिद्ध’ असते, तर गवताची एक काडी पिवळी पडली नसती. संभाजीनगरातली आरक्षणे तर विचारूच नका. आराखड्यात हिरवा रंग दिसला की त्यावर आधी गुंठेवारी उगवते, मग ती नियमित करायचा कायदा.

आता आमचे बिडकीन. इथली आणि आसपासच्या गावांची सुमारे 7,900 एकर जमीन डीएमआयसी या औद्योगिक पट्ट्यात गेली, एकरी 23 लाखांनी. मोसंबी गेली, कपाशी गेली, रुंद रस्ते आले. त्या रस्त्यांवर पहाटे पोलीस भरतीची पोरे पळतात, दुपारी नवशिके मोटार शिकतात आणि संध्याकाळी रिकाम्या प्लॉटवर टेनिस बॉलचे सामने रंगतात. एखाद्या कंपनीची घोषणा झाली की प्लॉटला कुंपण पडते आणि खेळपट्टी पलीकडच्या प्लॉटवर सरकते. पोरांची खेळपट्टी किती दूर गेली, यावरून गुंतवणूक किती आली ते अचूक कळते. उद्योग खात्याने हा निर्देशांक फुकट वापरावा.

एवढ्या 7,900 एकरांत दीडशे एकरांचे गोल्फ म्हणजे काहीच नाही. पाण्याचे काय, असे कोणी विचारीलच. अठरा होलच्या मैदानाला उन्हाळ्यात रोज लाखो लिटर पाणी लागते, आणि इथे संभाजीनगर शहरातल्या नळाला कधी पाच तर कधी आठ दिवसांनी धार येत आली आहे. पण शहराची तहान भागवायची योजना 1,680 कोटींवरून 2,740 कोटींवर गेली आणि तिची 2,500 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी पैठण रस्त्याने आमच्याच दारावरून काढली. गोल्फच्या होलचा व्यास फक्त 108 मिलिमीटर. (आकडा जपमाळेचा आहे, नाथांच्या तालुक्यात त्याला हरकत कोण घेणार?) एवढ्या मोठ्या नळाला एवढेसे भोक पाडायचे, त्यात अवघड ते काय!

हिशेब मी करून ठेवला आहे. करार नेहमीप्रमाणे 99 वर्षांचा. मुदत संपल्यावर मुंबईच्या रिवाजाने आणखी 11 वर्षे पत्रव्यवहार. मग मुंबईच्याच प्रमाणात वाटणी. दीडशेपैकी जवळजवळ 85 एकर बिडकीनच्या जनतेला मिळतील, तेही 110 वर्षांत. मंजूर झालेल्या कामांचा एकंदर वेग पाहता हा जलद प्रकल्पच म्हणावा लागेल.

टपरीवर हे सांगितले तेव्हा एका भाऊंनी चहाचा ग्लास खाली ठेवून विचारले, “आन् तवर पोरायनं खेळायचं कुठं?”

त्याचीही सोय आहे. कराराच्या मसुद्यात एक कलम घालून घ्यावे: कुंपणाबाहेर पडलेला चेंडू गावचा.